श्वासाच्या झोक्यावर

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, काचेच्या एका पट्टीवर, वाळलेल्या डिंकात झोपलेला मी एक जुना कृमी आहे. तांदळाच्या कणीएवढा. जन्मजात चपटा, माझ्यावर कोणी पाय दिलेला नाही. पट्टीच्या कडेला चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर माझं नाव आहे. पण ते इतकं लांब, की लिहिता लिहिता चिठ्ठीच संपली. उरलेली अक्षरं काचेवर गेली आणि पुसली गेली. तेव्हा नावाचं राहू द्या. माझं गाव तेवढं सांगतो. मी माशाच्या कल्ल्यात राहत होतो.

माशाच्या गालामागे एक झाकण असतं, दारासारखं उघडमीट करणारं. त्या दाराआड लाल कंगव्यांच्या रांगा असतात. पाणी तोंडातून आत येतं, कंगव्यांमधून विंचरून निघतं आणि दारातून बाहेर पडतं. यालाच माशाचा श्वास म्हणतात. त्या कंगव्याच्या एका दात्याला धरून मी आयुष्य काढलं. पाणी आलं की दाता हलायचा, पाणी गेलं की परत यायचा. तुम्ही पाळण्यात झोपला असाल, मी श्वासावर झोपलो.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या श्वासात घर करणारा हा कोण लागून गेला? बरोबर आहे तुमचं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण मी जायचं तरी कुठे, तेही कोणी सांगितलं नव्हतं.

माझा जन्म समुद्रातला. आमच्या अंड्याला लांब दोरी असते, पतंगाच्या शेपटीसारखी. आई अंडं पाण्यात सोडते आणि ती दोरी जिथे अडकेल तिथे आमचं माहेर. माझी दोरी एका शेवाळाला अडकली. एके दिवशी वरून मोठी सावली गेली, अंड्याचं टोपण उघडलं आणि मी बाहेर पडलो. तेव्हा माझ्या अंगावर बारीक केस होते. त्यांनी वल्हवत मी निघालो. डोळे म्हणावेत असे दोन काळे ठिपकेही होते. त्यांना एवढंच कळायचं, की इकडे उजेड आहे आणि तिकडे सावली आहे.

अंगात थोडीशी शिदोरी होती. ती संपायच्या आत मासा गाठायचा, नाही तर संपायचं. माझ्याबरोबर सुटलेली भावंडं एकेक करून खाली गेली. मी काही त्यांच्याहून शूर नव्हतो. माझ्या वाटेवर एका तांबूस पाठीच्या मोठ्या मादीनं तोंड उघडलं, एवढंच. पाण्याबरोबर मी आत ओढला गेलो, कंगव्याला टेकलो आणि धरलं.

धरल्याबरोबर अंगावरचे केस गळले. परतीची वल्ही मोडली म्हणा ना. त्यांच्या जागी शेपटाकडे चिमटे उगवले. एक, मग दुसरा, मग ओळच. दर चिमट्यानं त्या माउलीच्या कल्ल्याचा एकेक तंतू पकडला. मित्रांनो, देवानं मला धरायला इतके चिमटे दिले, पण सोडायला एकही स्नायू दिला नाही. माझ्या सगळ्या गोष्टीची गाठ इथेच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझं जेवण म्हणजे तिचं रक्त. लपवून काय करू? पण समुद्रात त्याचं तिला काही वाटत नसे. ती मोठी होती आणि आम्ही तिच्या कल्ल्यात असून नसून मोजकेच. मी अंडी घालत असे. आमच्यात आई मीच आणि बापही मीच. अंडी पाण्यात पडली की लाट त्यांना घेऊन जाई. कुठे, ते मला कधी कळलं नाही. समुद्र मोठा होता आणि आमची लेकरं हरवत होती, म्हणून तिचा जीव शाबूत होता. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, समुद्र निर्दयी आहे.

एके दिवशी श्वास अडखळला. पाणी येईना, नुसतं दोऱ्यादोऱ्यांचं काहीतरी गालाला घासू लागलं. ते जाळं होतं.

मला कान नाहीत. पण पाण्याजवळ बोललेलं सगळं माशाच्या हाडांतून माझ्यापर्यंत येतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसाचा आवाज ऐकला. जाडा, थोडा बसलेला.

"हिला बाजारात नाही न्यायची. पोट बघ कसं भरलंय! हिला शेडवर नेऊ."

तो आवाज मामांचा. त्यांची भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळी शेड मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. मामा उभी हयात होडीवर होते. पाठ धरायला लागली तेव्हा किनाऱ्यावरच्या मत्स्यबीजाच्या शेडमध्ये कामाला लागले. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या टाक्या आणि सतत घरघरणारा हवेचा पंप. मोठ्या माशांची अंडी तिथे उबवायची, बोटभर पिल्लं झाली की दुसऱ्यांच्या तळ्यांना द्यायची. शेडला एक चांगली मादी हवी होती. होडीवरच्या आपल्या शेवटच्या खेपेला मामांनी ती स्वतःच्या हातांनी आणली आणि तिचं नाव ठेवलं, तांबडी.

"अहो, गाईचं नाव माशाला?" मामींनी विचारलं. मामी पिल्लांच्या टाक्या सांभाळायच्या. त्यांचा आवाज बारीक आणि खळखळता होता.

"मग काय ठेवू? तुझं ठेवू?"

"ठेवा की. निदान दिवसातून चारदा हाक तरी माराल."

तांबडीला मामा हातानं भरवायचे. बारीक माशांचे तुकडे करून, बोटांच्या चिमटीत धरून पाण्याला लावायचे. सुरुवातीला ती लांब राही. मग जवळ आली. मग मामांची पावलं वाजली की आमचा झोका जोरात हलू लागे, कारण तिचा श्वास वाढलेला असे.

"मला नाही कधी असा घास भरवलात," मामी म्हणत.

"तू चावतेस."

"आणि ही नाही?"

"ही चावते, पण बोलत नाही."

मग दोघं हसायचे आणि त्यांच्या हसण्यानं पाण्यावर जी थरथर उठायची ती माझ्या चिमट्यांपर्यंत यायची. मामी काम करता करता गुणगुणायच्या. शब्द त्यांचेच, जुळवलेले.

*तांबडी माझी बाई, पाण्यात तिचं घर*
*श्वासाच्या झोक्यावरी, खाली आणि वर*

मला वाटे, हे माझंच गाणं आहे. मला माहेर नव्हतं, अंगाई नव्हती. मी ती ओवी चोरून घेतली.

तांबडीनं त्या पहिल्या मोसमात अंडी दिली आणि शेजारच्या टाक्या पिल्लांनी भरून गेल्या. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही आमची आई. बाकी सगळी तिची बाळं." असं कौतुक ऐकलं की मी उगीच फुगत असे. तिच्या घरात राहत होतो ना!

सगळं बिघडलं ते एका भिंतीमुळे आणि एका मायेमुळे.

तांबडी अधूनमधून टाकीच्या भिंतीला गाल घासू लागली. आमच्यामुळे तिला हुळहुळत असेल. मामा म्हणाले, "लाडात आलीय." पण सिमेंट खरखरीत होतं. एकदा तिचा गाल सोलला आणि मामांचा जीव कळवळला. घरी त्यांनी एक सुती जाळं जपून ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं विणलेलं, वापरून वापरून मऊ झालेलं, ज्यात तांबडी सापडली तेच. ते त्यांनी टाकीच्या भिंतीवर आतून पडद्यासारखं सोडलं.

"आता घास हवं तेवढं," ते म्हणाले.

ती घासू लागली. मऊ जाळ्याला तिचा गाल लागला की मलाही बरं वाटायचं. असं मायेचं जाळं कोणी कोणाला लावलं असेल?

पण मित्रांनो, आमच्या अंड्याला दोरी असते, हे मी सांगितलंय. समुद्रात त्या दोऱ्या वाहून जात. इथे त्या जाळ्याच्या गाठीगाठीला अडकू लागल्या. तेच पाणी टाकीतल्या टाकीत फिरत होतं. लाट नव्हती आणि दूर जायला जागा नव्हती. अंड्यांवरून तांबडीची सावली जाई, टोपणं उघडत, आणि गाल घासायला ती जिथे येई तिथेच माझी लेकरं वल्हवत उभी असत.

एके दिवशी माझ्या शेजारच्या दात्यावर कोणीतरी येऊन टेकलं. अंगावरचे केस गळताना मी पाहिलं, म्हणजे जाणवलं. ते माझंच लेकरू होतं. समुद्रात माझं एकही लेकरू मला कधी भेटलं नव्हतं. माझा आनंद मावेना. मग दुसरं आलं. मग रोजच येऊ लागली. दात्यादात्यावर, रांगेरांगेत, वरच्या कंगव्यात, खालच्या कंगव्यात. घर भरलं. आणि भरता भरता घराचा रंग उतरू लागला.

हे मला आधी चवीतून कळलं. तिचं रक्त पातळ झालं. मग झोक्यातून कळलं. पूर्वी तिचा श्वास लांब आणि सावकाश असे. आता तो आखूड आणि घाईचा झाला. पाणी येई पण पुरत नसे. ती हवेच्या नळीपाशी जाऊन उभी राहू लागली. मामांची पावलं वाजली तरी झोका पूर्वीसारखा हलेना.

मी खाणं थांबवायचं ठरवलं. ऐकून हसाल. पण माझं ठरवणं माझ्या पोटापर्यंत पोचलंच नाही. तोंड आपोआप ओढत राहिलं. मी चिमटे सैल करायचा प्रयत्न केला. ते आणखी घट्ट झाले. ओढलं की घट्ट व्हायचं, इतकंच त्यांना ठाऊक. शेजारच्या लेकराला म्हणावं, बाळा, इथे नको बसूस, तर मला आवाज नाही. त्याला कान नाहीत. आणि त्यानं जावं तरी कुठे?

मामींचं गाणं बदललं.

*तांबडी माझी बाई, पाण्यात तिचं घर*
*घरात शिरलं कोण गं, सांग ना लवकर*

मी ऐकत होतो. ज्याचं नाव त्या विचारत होत्या, तो त्यांच्या हातभर अंतरावर होता आणि मुका होता.

मग मामांची भाची आली. ती माशांची डॉक्टरीण होती, कॉलेजात शिकवायची आणि शेडवर सुट्टीला यायची.

"मामा, हिला उचल बरं. पाण्याबाहेर नको, नुसती वर धर." तिनं गालाचं दार अलगद उघडलं. मी पहिल्यांदा नागडा उजेड अंगावर घेतला. "अरे देवा. कल्ले लालभडक हवेत. हे तर धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखे झालेत."

"काय झालंय तिला?"

"कृमी. कल्ल्यात बसून रक्त पितात. गोचीडच म्हण माशाची."

"आमच्या टाकीत? अगं, मी रोज घासतो टाकी! माझ्या ताटापेक्षा स्वच्छ असते."

"तू घाण ठेवलीस असं कुठे म्हणतेय मी? समुद्रातूनच आले असतील हिच्याबरोबर. समुद्रात पांगतात. इथे पांगायला जागा नाही."

मला वाटलं, हिला सगळं कळतं. आता काहीतरी होईल. तिनं जाळ्याचा कोपरा बोटांत घेऊन उजेडात धरला. "आणि हे बघ. गाठीगाठीत अंडी आहेत."

"हे? हे तर शेवाळ वाटतं."

"शेवाळ नाही. औषधानं कृमी सुटतील, पण अंड्यांना काही होणार नाही, टणक असतात. म्हणून टाकी रिकामी करून घासायची, पाणी नवं भरायचं, आणि हे जाळं काढायचं. लावायचंच असेल तर धुऊन, चांगलं वाळवून मगच लावायचं. वाळली की मरतात."

औषध म्हणजे काय, तर तुम्ही गुडघा फोडून घेतल्यावर आई टाकते आणि फेस येतो, तसलंच. पाण्यात घालून त्यात तांबडीला ठेवलं. माझ्या अंगाची आग झाली. माझी लेकरं आखडली, वळवळली आणि एकेक करून सुटून खाली पडली. बाहेरच्या दात्यांवरची सगळी गेली. मी सर्वांत आत, कंगव्याच्या मुळाशी होतो. तिथे औषध पोचता पोचता पातळ झालं. मी सुटलो नाही.

तरी तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला हलकं वाटलं. लेकरं गेली आणि हलकं वाटलं. तांबडीचा श्वास लांब झाला होता. दोन-चार दिवसांत ती घास घेऊ लागली. मामी म्हणाल्या, "बघा, डोळ्यांत पाणी आलं तुमच्या."

"टाकीतलं उडालंय."

"हो हो. टाकी काय गालावर बांधलीय."

टाकीच्या कोऱ्या पाण्यात मी एकटा, तांबडी एकटी. असंच राहिलं असतं तर आम्ही दोघं निभावलो असतो. पण कोऱ्या भिंतीला तांबडी पुन्हा गाल घासू लागली आणि मामांना ते बघवेना.

"जाळं वाळलं का?" मामी विचारत होत्या. "तिकडे मागे कशाला टाकलंत, छपराखाली? पुढे अंगणात टाका, ऊन बघा किती आहे!"

"अगं, सुती जाळं कोणी भर उन्हात टाकतं का? धागा कडक होतो, मोडतो. जाळं नेहमी सावलीत वाळवायचं. माझ्या बापानं सांगितलंय, त्याला त्याच्या बापानं."

"पण पोरीनं चांगलं वाळवायला सांगितलंय."

"वाळलंय की. हात लावून बघ."

मामींनी हात लावला असेल. धागा वाळला होता. पण गाठी? मित्रांनो, सुती जाळ्याच्या गाठी फार आत पाणी धरून ठेवतात. ज्या रीतीनं मामांनी उभ्या हयातीत जाळी टिकवली, त्याच रीतीनं माझी अंडीही टिकली. डॉक्टरीणबाईला जाळी वाळवायची रीत ठाऊक नव्हती, आणि मामांना वाळवायची दुसरी रीत ठाऊक नव्हती. कोणाचं चुकलं म्हणू?

जाळं पुन्हा टाकीत सुटलं. त्याचा पहिला स्पर्श तिच्या गालाला झाला तेव्हाच मला कळलं. त्या जाळ्याला माझ्या अंड्यांचा वास होता. मी ओरडलो. म्हणजे ओरडायला लागतं ते सगळं माझ्यात झालं, फक्त आवाज झाला नाही.

थोड्याच दिवसांत पहिलं लेकरू येऊन माझ्याशेजारी टेकलं. मग तर रीघ लागली.

या वेळी तांबडीला झुंजायला रक्तच नव्हतं. ती तळाशी जाऊन पडू लागली. भाची धावत आली, गालाचं दार उघडून पाहिलं आणि अलगद मिटलं.

"बोल ना, पोरी."

"मामा, औषध पूर्ण ताकदीचं दिलं तर हिचे कल्ले जळतील. कमी दिलं तर ते सुटणार नाहीत. आणि नाहीच दिलं, तर..."

"तर?"

"तर तूच बघतोयस."

मामी म्हणाल्या, "अर्धं द्या. देवावर अर्धं सोडा."

अर्धं दिलं. मामा स्वतः त्या पाण्यात उतरले. तांबडीला दोन्ही हातांवर घेऊन ते तिला पुढे नेत, मागे आणत, पुढे नेत, मागे आणत. तिला स्वतःला पाणी ओढायची ताकद नव्हती, म्हणून ते तिच्यासाठी श्वास घेत होते. आता झोका मामांच्या हातांनी हलत होता.

"घे गं माझी बाई, घे. एक घे. आणखी एक घे. गाईचं नाव ठेवलंय तुझं, अशी काय माशासारखी मान टाकतेस?"

मामी हसल्या आणि तोच हुंदका झाला.

मी त्या घडीला सगळं अंग एकवटलं. म्हटलं, आता तरी सूट. हिचा एक दाता तरी मोकळा होईल, एका दात्याइतकं पाणी हिला जास्त मिळेल. आजूबाजूची लेकरं सुटून पडत होती. मी मात्र मुळाशी, जिथे औषध पोचत नाही, तिथेच. चिमटे हलले नाहीत. मी सोडलं असं तुम्हाला सांगायला मला किती आवडलं असतं!

मग झोका पुढे गेला आणि मागे आला, पण त्यात ती नव्हती. नुसते मामांचे हात होते. हे मामांच्या आधी मला कळलं. ते बराच वेळ तिला पाण्यात पुढेमागे नेत राहिले, आणि मी त्यांना सांगू शकलो नाही.

"अहो," मामी शेवटी म्हणाल्या, "थांबा आता."

बाकीचं मी नंतर ऐकलेलं; काचही हाडांसारखीच आवाज पोचवते. भाचीनं विचारलं, "मामा, हिचे कल्ले मी नेऊ का? नीट बघते, मुलांनाही दाखवते." मामा म्हणाले, "ने. पुढच्याला तरी कळू दे." मग त्यांनी टाकीतलं जाळं ओढून काढलं, अंगणात भर उन्हात टाकलं आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले. ते पुष्कळ दिवस तिथेच पडलं होतं. मामींनी उचललं तेव्हा धागा बोटांत मटकन तुटला, वाळलेल्या काडीसारखा.

इकडे कॉलेजात मला स्पिरिटात ठेवलं, दाबून सरळ केलं, गुलाबी रंग दिला आणि काचेवर चिकटवलं. मला सोडवून घ्यायला भाचीनं खूप खटपट केली. पण चिमटे सुटेनात, तेव्हा तिनं ज्या तंतूला मी धरलं होतं तो तंतूच कापून घेतला. म्हणजे काचेवर मी एकटा नाही. माझ्या चिमट्यांत तांबडीच्या कल्ल्याचा एक धागा आहे.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. दुर्बिणीसारख्या त्या यंत्राखाली मुलं मला बघायची. "शी!" म्हणायची, मग पुन्हा डोळा लावायची. "चिमटे बघ ना, कसले सुंदर आहेत!" आयुष्यभर ज्यांची मला लाज वाटली, त्यांचीच सगळे तारीफ करत होते.

एकदा मामा आले. सोबत मामी. भाचीनं पट्टी यंत्राखाली ठेवली. मामांचा डोळा माझ्यावर उतरला. मोठा, ओलसर, कडेला सुरकुत्या.

"एवढासा?" ते म्हणाले.

"एवढासाच."

"आणि हे त्यानं काय धरलंय?"

"तिच्या कल्ल्याचा धागा आहे, मामा. सुटतच नव्हता."

मामांनी डोळा यंत्राच्या आणखी जवळ नेला. मला वाटलं, आता शिवी घालतील. घालावी असंच मला वाटत होतं.

"याला कळलं नसेल ना," ते हळूच म्हणाले, "की ती गेली?"

"नाही रे मामा. त्याला काय कळतंय!"

मला कळलं होतं, मामा. तुमच्या आधी कळलं होतं.

मामींनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "यांनी आता नव्या टाकीची भिंत घासून घासून आरशासारखी गुळगुळीत करून घेतलीय. जाळं नाही लावत."

"पहिल्यांदा तेच करायचं होतं," मामा म्हणाले. "भिंत खरखरीत होती, तर भिंत बघायची. मी माझं जाळं लावत बसलो." ते उठले. जाताना त्यांनी काचेच्या कडेवर एक बोट ठेवलं, क्षणभरच. त्यांच्या बोटाला अजून शेडचा खारा वास होता.

त्यालाही आता फार काळ लोटला. भाची दुसरीकडे गेली. नवी यंत्रं आली, त्यांच्या पडद्यावर मोठमोठी रंगीत चित्रं दिसतात, पट्ट्या लागत नाहीत. मला खालच्या खणात ठेवलं. डिंक पिवळा पडला, कडेनं त्याला भेगा गेल्या. खण उघडला की थोडा उजेड येतो, मिटला की जातो. माझ्या अंड्यावरून गेलेली ती पहिली सावली मला मग आठवते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला दया दाखवा असं मी म्हणणार नाही. माझ्या जातीला औषधच द्या. पण तुम्हाला हात आहेत, माझ्यासारखे चिमटे नाहीत. तुमचे हात उघडतात. तुम्ही कधी ना कधी कोणाला तरी सांभाळायला घ्याल. भांड्यातला मासा असेल, कुंडीतलं रोप असेल, घरातलं आजारी माणूस असेल. त्याला तुम्ही काय लावलंय, काय भरवलंय, कसं घट्ट धरलंय, ते मोजत बसू नका. त्याच्याजवळ जाऊन गप्प बसा आणि त्याचा श्वास ऐका. तो लांब आहे का? सावकाश आहे का? आखूड झाला असेल, तर आपला हात कुठे लागलाय ते आधी बघा. मला ते ऐकू येत होतं आणि हलवायला हात नव्हते.

खण आता मिटायच्या बेतात आहे. काळोखात मी मामींचीच ओवी म्हणत असतो, माझ्या मुक्या तोंडानं. तांबडी माझी बाई, पाण्यात तिचं घर. पुढची ओळ येत नाही, कारण झोका हलत नाही. चिमट्यांत तिचा धागा आहे आणि मी अजून तो धरून आहे.